कैरीचं वरण चाखायचं कोणी?

अहेरीजवळ रस्त्याचं काम चाललं होतं. तिथल्या मजुरांच्या मेसमध्ये बुधरी तलांडी स्वयंपाक करायची. हातात पळी असली की ती ठेकेदारालाही दटावायची. पळी खाली ठेवली की कोंबडीलासुद्धा वाट द्यायची. असं तिचं.

मेसवर बल्लारपूरहून प्रफुल्ल नावाचा नवा मॅनेजर आला. आल्या आल्या त्यानं नियम लावला: जिनं शिजवलं तिनंच आधी चाखायचं, मग ताटं वाढायची. बुधरीची काही तक्रार नव्हती. ती वरण चाखे, भाजी चाखे, आणि अंड्याचा रस्सा असला की जरा जास्तच बारकाईनं चाखे.

मग चैत्रात सिरोंचाकडच्या मजुरांनी कैरीचं वरण मागितलं. बुधरीनं असं शिजवलं, की शेजारची शकुबाई उगाच विस्तव मागायला येऊन गेली. घरी गॅस असून. पण बुधरी काही पळी तोंडाशी नेईना.

"चाखा ना, बाई," प्रफुल्ल म्हणाला.

"नाई जी. आमचा पंडुम व्हायचा हाय."

बुधरीच्या माडिया गावात नवा आंबा आधी देवाला, मग माणसाला. तो सण म्हणजे पंडुम. तोवर बाजारातली कैरी चिरायला तिची ना नव्हती. जिभेवर ठेवायची नाही, एवढंच.

प्रफुल्लला वाटलं, उपास असेल. पोरगा मनाचा चांगला. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्यासाठी साबुदाण्याची उसळ आणली. बुधरीनं ती आवडीनं खाल्ली, आणि वर अंड्याचा रस्सा-भात ओढला.

"उपास मोडला काय, बाई?"

"कोनता उपास?"

"बरं, सण कोनत्या तारखेले आहे?"

"गावचा पुजारी सांगल तवा."

तारीख नसलेला सण आणि अंडी चालणारं व्रत! प्रफुल्लचं डोकं गरगरलं. शेवटी त्यानं बुधरीपुढं चक्क हात जोडले.

"बाई, तुमच्या धर्माले माह्या मेसमंदी धक्का नको. तुमाले चुलीवरून मोकळं करून राह्यलो. भांडे पाहा. पगार तोच."

चुलीवर मदतनीस स्वाती आली. बुधरी भांड्यांपाशी बसली आणि विचारात पडली. शिव्या घातल्या असत्या तर भांडता आलं असतं. हात जोडणाऱ्याशी भांडायचं कसं?

शकुबाईला तर तेवढंच हवं होतं. "काऊन वो बुधरी, बढती झाली म्हनते?"

"साहेबानं मान देल्ला म्हने."

"मंग घास तो मान. राखेनं घास, चमकल."

बुधरीला हसू आलं नाही. मजुरांना स्वातीच्या हाताची सवय लागली की चूल कायमची गेली, हे तिला दिसत होतं.

गुरुवारी स्वातीनं वांग्याची भाजी केली, झाकली आणि न चाखता वाढायला दिली. "गुरुवार आहे ना, मावशी," ती म्हणाली. प्रफुल्ल तिथंच होता. मान डोलावून पुढं गेला.

बुधरी राखेच्या हातांनी त्याच्या मागं गेली. टोमणा मारायला नव्हे, तिला खरंच उमजत नव्हतं.

"साहेब, स्वातीनं नाई चाखलं. तिले भांड्यावर काऊन नाई धाडलं?"

"तिचा उपास आहे."

"मंग माहा बी तसाच समजा."

"तुमी तं अंडे खाता."

"अंडे सोडू काय?"

"नाई, नाई... ते वेगळं असते, बाई."

"कसं?"

प्रफुल्लनं तोंड उघडलं. भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. गुरुवार तिथं होता, पंडुम नव्हता. एवढाच फरक त्याला सापडला, आणि तो मोठ्यानं सांगावासा वाटेना.

"उद्यापासून चुलीवर या," तो म्हणाला. "पन नियम आहे. चाखल कोन?"

"नियम तुमचा," बुधरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कैरीचं वरण उकळलं, तेव्हा तिनं पळी त्याच्यापुढं धरली. त्यानं भुरका मारला आणि डोळे घट्ट मिटले.

"आंबट आहे."

"आंबा हाय, साहेब. मिठाचं सांगा."

त्यानं पुन्हा चाखलं. मग तिसऱ्यांदा. मिठाचं काही त्याला सांगता येईना.