बोकड आडवा, शेळी उभी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या सिंदेवाहीकडचे नाही — आणि माझ्या थोरल्या जावेला ओळखत नाही.

जावेचा एक बोकड होता. काळा, दाढीवाला, जावयासारखा ऐटीत चालणारा. आसपासच्या गावांतून लोक आपल्या शेळ्या त्याच्याकडे फळवायला आणायचे. आणि माझी शेळी? मरतुकडी. तिला कोण विचारतं! मी जळायचे — बोकडावर! कुणी ऐकलं तर हसेल.

सासऱ्यांनी दारूसाठी मडक्यात मोहफुलं भिजत घातली होती. चांगली आंबली होती. एका दुपारी बोकडानं त्या मडक्यात तोंड घातलं. माझी शेळीही धावली — तिला मी कान धरून ओढलं. आणि बोकडाला? त्याला खाऊ दिलं. उभी राहून बघत होते. गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू?

थोड्या वेळानं तो भिंतीला टक्कर द्यायला गेला, भिंत चुकली, आणि चारी पाय वर. जाऊ धावत आली. माझी शेळी शांतपणे रवंथ करत होती.

"तुह्या शेळीनं नाई खाल्लं?" जावेनं विचारलं.

काय सांगणार होते? — म्हटलं, "दोघांनबी बराबर खाल्लं, बाई."

झालं. जनावरांचे डॉक्टर आले, बोकडाला शुद्धीवर आणलं. शेळीची हकिगत ऐकून तेही चक्रावले. म्हणाले, दारू पचवण्यात नर-मादीत फरक असतो, उंदरांत माद्या लवकर पचवतात. शेळ्यांचं मात्र मला ठाऊक नाही, असंही म्हणाले. हे शेवटचं कोण ऐकतंय? संध्याकाळपर्यंत गावभर झालं — बाईची जात पक्की, गड्याची कच्ची. बायका नवऱ्यांना तोंडावर ऐकवू लागल्या. माझी शेळी बघायला माणसं येऊ लागली. तिच्या पिल्लांना जन्मायच्या आधीच गिऱ्हाइकं. आणि मी — मी तिच्या गळ्यात घुंगरू बांधलं.

बोकडाकडे मात्र कुणी शेळी आणेना. कच्च्या रक्ताचा, म्हणे. शेवटी जावेनं त्याला वडशाच्या खाटकाला देऊन टाकलं. परत येऊन माझ्याजवळ बसून रडली.

"तुही शेळी पाहूनच समजलं मले," ती म्हणाली, "माह्या बोकडातच खोट होती."

आणि माझ्याच पदरानं डोळे पुसले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.