लाल गडी कोण खेळवत होतं?

भूतबाधा, करणी, अंगात येणं... असलं काही सांगणाऱ्या बायकांची मी आयुष्यभर टर उडवली. आता माझीच पाळी आलीय, तर हसा खुशाल.

सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागची आमची वसाहत. माझी थोरली बहीण, अक्का, पक्षाघातानंतर पलंगावरच आहे. बोलणं बंद, हात हलत नाहीत. तिला कितपत कळतं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्यामुळे घरचे तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायला लागले, जणू ती कपाट आहे! मला एवढंच जाणून घ्यायचं होतं — अक्का आत आहे की नाही?

परवा दुपारी माळ्यावर आमचा लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला. काकांनी मस्कतहून आणलेला. दोन गडी, निळा माझा, लाल अक्काचा. दोघांनी किल्ला गाठायचा. तो आम्ही कधीच गाठला नाही, आणि त्याला कारण मी. दोन वेण्यांची, स्वतःला चॅम्पियन समजणारी बावळट! शेवटच्या पुलावर फळी खाली येईपर्यंत थांबायचं आणि मग दोघांनी एकाच वेळी उडी मारायची. मी आधीच उडी मारून खड्ड्यात जायचे आणि वर अक्कावरच ओरडायचे, "तुझ्यामुळं मेलो!"

"नातवंडं झाली तरी हे काय करालाय ओ मावशी?" अक्काची सून सुजाता हसली.

"तुझ्या सासूला हरवालोय. बस गप."

कॅसेटला फुंकर मारली आणि टीव्हीवर गेम चक्क सुरू झाला! दुसऱ्या रिमोटची वायर उंदरांनी खाल्लेली, टोकाला पिनच नव्हती. तरी गंमत म्हणून तो अक्काच्या हातात ठेवला. बाकी गेममध्ये लाल गडी निळ्याच्या मागोमाग आपोआप खेचला जातो. शेवटच्या पुलावर मात्र त्याला कुणीतरी चालवावंच लागतं. म्हणजे मरण ठरलेलं.

पूल आला. माझा अंगठा सवयीनं उडीच्या बटणाकडे... आणि लाल गडी खाली बसला. उठला. परत बसला.

ती खूण मी ओळखली. वडिलांच्या कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटात हाक ऐकू यायची नाही. मला थांबवायचं असलं की अक्का लांबूनच अशी दोनदा उठबस करायची. कामगार हसायचे. मी कधी थांबले नाही, ते सोडा.

या वेळी थांबले.

फळी खाली आली. निळा उडाला... आणि शेजारून लालही!

"मावशी," सुजाता दारातच खिळली होती, "त्यो लाल कोण खेळवालंय?"

मी वळून बघितलं. अक्काची बोटं होती तशीच. वायर चादरीवर लोंबत होती. अक्काचे डोळे मात्र टीव्हीवर होते. स्क्रीनवर किल्ल्याचं दार उघडलं. आतून नुसता पिवळा उजेड आला, आणि दोघं गडी आत गेले. एवढं सुंदर मी काही पाहिलेलं नाही हो.

टीव्ही दुरुस्तीवाला म्हणतो, मशीन जुनं, बिघडलं असेल. असेल. मी नंतर पुष्कळदा खेळून बघितलं. लाल गडी पुलावर नुसता उभा राहतो. अक्काही काही खूण देत नाही.

तुम्हाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. पण घरी येऊन, अक्काच्या पलंगाशी बसून सांगा. तिला वगळून तिच्याबद्दल बोलणं आम्ही बंद केलंय.