सहावी जमात

चष्म्याच्या दुकानात पुढे आरसे होते आणि मागे तो. मध्ये पडदा. पडद्याशेजारच्या खिडकीतून चिठ्ठ्या आत यायच्या: उजवा उणे दोन, डावा उणे सव्वादोन, फ्रेम काळी. सत्तावीस वर्षं तो काचा घासत होता. निम्म्या वस्तीचे डोळे त्याला आकड्यांनिशी पाठ होते. चेहरा एकाचाही नाही. पुढची मंडळी त्याला ‘मागचे’ म्हणत. “मागचे म्हणालेत, गुरुवारी मिळेल.” तो गुरुवार वगैरे काही म्हणालेला नसायचा, पण त्याला कोणी विचारलेलंही नसायचं.

रविवारी दुपारी मात्र तो सूत्रधार असायचा.

हा खेळ भाचीने आणलेला. मामाचं टेबल मोठं, आणि मामा काही बोलत नाही, या दोन कारणांसाठी तिच्या कॉलेजच्या टोळक्याने त्याचं घर निवडलं. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने कल्पनेतल्या जगातल्या एखाद्या जमातीचा माणूस व्हायचं, आणि सूत्रधाराने गोष्ट पुढे न्यायची. समोर दरी आहे, काय करता? खेळाडू सांगणार, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. पुढे भाचीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, टोळकं लग्नाबिग्नात पांगलं, फासे मामाकडे राहिले. ते परत न्यायचं कोणाच्या मनात आलं नाही, आणि मामाने आठवण करून दिली नाही.

अकरा वर्षांनंतर टेबलाभोवती शेजारपाजारची तिघं होती. समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई, लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ, आणि त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी. वहिनी पहिल्यांदा आल्या त्या नवरा रविवारी जातो कुठे ते बघायला, आणि राहिल्या त्या कातळ्यांसाठी. कातळे ही सूत्रधाराने रचलेली पहिली जमात: सात फूट उंच, दगडी कातडी, विचार सावकाश, दार मोडणं झटपट. मग पिसारे आले, ज्यांना खोटं बोललं की पिसांचा रंग बदलतो. अशा पाच जमाती झाल्या. सहावी उंबरे.

उंबऱ्यांवर त्याचा जीव होता. ही माणसं दारात राहतात, ना आत ना बाहेर. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्या लक्षात राहतो; कुठलं कुलूप कशाने उघडतं, कोण कोणाला का टाळतं, सगळं त्यांना ठाऊक. अट एकच: कोणी विचारल्याशिवाय उंबऱ्याला काही बोलता येत नाही, काही करताही येत नाही. ही अट त्याला फार सुंदर वाटायची.

भाचीने ओळखीच्या छापखान्यात सोय केली होती. सगळ्या जमातींचं लहानसं पुस्तक, चाळीस प्रती. पानं सोमवारी दुपारपर्यंत पाठवायची होती. पण टेबलाचा जुना दंडक होता: तीन रविवार खेळून बघितल्याशिवाय कुठलीही जमात पुस्तकात जायची नाही. उंबऱ्यांचे दोन झाले होते. पहिल्या खेपेला लिफ्टवाले उंबरा झाले आणि तासाभरात बसल्या जागी घोरू लागले. दुसऱ्या खेपेला वहिनींनी नवऱ्याला कोपराने ढोसून स्वतःला प्रश्न विचारून घेतले. आज शेवटचा रविवार होता.

“मी नाही हं,” वहिनी आल्या आल्या म्हणाल्या. “मी कातळाच. तोंडाला कुलूप लावून मी घरी बसते, तेवढं काय कमी आहे?”

“तू? घरी?” लिफ्टवाले म्हणाले, आणि पुढचं चहात बुडवलं.

डॉक्टरीणबाईंनी बिस्किटाचा तुकडा मोडला. “सूत्रधार, तुम्हीच व्हा की उंबरा. आजच्या दिवस गोष्ट मी चालवते.”

अकरा वर्षांत तो राजा झाला होता, लांडगा झाला होता, लाच खाणारा नावाडी झाला होता. पण ते सगळे पुढच्याने काही विचारलं की उत्तर देण्यापुरते. खेळाडू तो कधीच नव्हता. त्याने खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे नेली. तिथून स्वतःचं घर जरा वेगळं दिसलं. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं, हे, ते इतकी वर्षं खेळताना त्याच्या पाठीमागे असल्यामुळे, त्याला ठाऊकच नव्हतं.

“किल्ल्याचं दार बंद आहे,” डॉक्टरीणबाईंनी सुरुवात केली. “काय करता?”

दाराचा खटका डाव्या बिजागरीखाली होता. उंबऱ्याला तो ठाऊक होता; डॉक्टरीणबाईंनी तसं कागदावर लिहून त्याच्यापुढे सरकवलंही होतं. फासा मुठीत धरून तो थांबला. लिफ्टवाल्यांचा पिसारा भिंतीवर चढून पडला. वहिनींच्या कातळ्याने खांदा लावला, दोनदा आपटला, तिसऱ्यांदा पुन्हा भिंतीवरून पडणाऱ्या नवऱ्यावर आपटला. पाऊण तास गेला. दार मोडलं. सगळे आत गेले. उंबरा बाहेर राहिला. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मुठीतला फासा मात्र गरम झाला होता.

“तुम्ही काही बोलला नाहीत ते?” खेळ आवरताना लिफ्टवाल्यांनी विचारलं.

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“अहो, खेळात कोण कोणाला विचारतं? ज्याची त्याची पाळी. विचारणारा एकटा सूत्रधार.”

“आणि सूत्रधाराला सगळे विचारतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही अकरा वर्षं त्याच खुर्चीत. तुम्हाला वाटलं, सगळीकडे असंच असतं.” दात दाखवायला आलेल्याला सांगावं तशा त्या शांतपणे बोलल्या. “काढून टाका ती जमात. पाच पुरेत.”

वहिनींनी कपबश्या उचलल्या. “छान आहे पण,” त्या म्हणाल्या. “वाचायला.”

सोमवारी सकाळी तो पानं घेऊन दुकानात गेला. चिठ्ठ्या आल्या, काचा घासायचं चाक फिरत राहिलं, काचेच्या कडेवर पाणी टपकत राहिलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने सहाव्या जमातीवर काट मारायला पेन काढलं, आणि मग फक्त अट खोडली. तिच्या जागी लिहिलं: उंबऱ्याला दिवसातून एकदा, कोणी न विचारता, बोलता येतं.

पण खेळून बघितल्याशिवाय नियम पुस्तकात जात नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग फोनकडे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी भाचीचाच फोन यायचा. त्याने तिला आपणहून कधी केला नव्हता. तसं करायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं.

“मामा?” तिचा आवाज घाबरलेला होता. “काय झालं? पडलास का?”

“नाही गं. सहज.”

“सहज?”

“तुझ्या घराचं दार कसं आहे, मी बघितलेलंच नाही. म्हटलं, विचारावं. येऊ का एकदा?”

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली. “मामा, मी मीटिंगमध्ये आहे रे. संध्याकाळी करते. नक्की. पानं पाठवलीस ना?”

“पाठवतोय,” तो म्हणाला. फोन बंद झाला होता.

त्याने पेन उचललं आणि नियमाखाली बारीक अक्षरात एक ओळ वाढवली: बोलता येतं, उत्तर मिळेलच असं नाही, त्यासाठी फासा टाकावा. मग सहाही जमाती पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. खिडकीतून पुढची चिठ्ठी आली, उजवा उणे तीन, आणि त्याने चाक चालू केलं.