घोडा एक, सोबत एक

अन्याय झाला तो माझ्या बापावर. त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात, शेवटच्या सोमवारी, दुपारी सव्वादोनला, कर्जत स्टेशनच्या पुण्याकडच्या फलाटावर. करणारा शेठ आजही खालापुरात मानाने फिरतो, म्हणून लिहिते आहे.

रेसचे किमती घोडे मुंबईहून पुण्याला रेल्वेने पोचवायचे, हा शेठचा धंदा. सुरुवात त्याने लोधिवलीकडच्या गवतावर केली. तबेल्यांना गवत पुरवता पुरवता घोड्यांपर्यंत पोचला. "आजवर माझ्या एका घोड्याला ओरखडा नाही," असं छाती काढून सांगायचा. खरंच होतं ते. घोडा आणि डब्याची भिंत यांच्यामध्ये तो आमची कुंभिवलीची माणसं उभी करायचा.

बाप माथेरानला घोडे हाकून शिकलेला मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा. शेठच्या रेल्वे-पावतीवर त्याचं नाव कधी लागलं नाही. तिथे लिहायचे, 'घोडा एक, सोबत एक.' गावात चेष्टा चाले, "काय रं सोबत, आज कुनाची सोबत?"

"घोडीची! तुज्यापरीस बरी हाय. लाथ मारायच्या आधी कान तरी पाडते."

त्या दिवशी मी स्टेशनवर त्याची भाकरी घेऊन गेले होते. घाट चढायला कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिन लागतं. लागताना धक्का बसतो. चहावालेसुद्धा तेवढ्यापुरती किटली धरून उभे राहतात. अशा वेळी मोतद्दाराने घोड्याच्या तोंडाशी राहायचं असतं. पण शेठचा हुकूम होता, बाजूला उभा राहा, घोडी भिंतीला घासता कामा नये. धक्का बसला, घोडी कलंडली आणि बापाचा गुडघा तिच्या नि भिंतीच्या मध्ये चिरडला.

मी किंचाळले. शेठ पहिल्या वर्गातून धावत आला. आधी त्याने घोडीच्या चारी पायांवरून हात फिरवला.

"शेठ, उतरवा मला," बाप म्हणाला.

"आणि घोडी? सोबत नसली तर रेल्वेवाले घोडी पुढे नेत नाहीत."

"दवाखाना स्टेशनबाहेरच आहे," मी म्हटलं. "घोडीसोबत तुम्ही बसा की!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. शेठ नाही हसला. "पुण्यात दाखवतो ह्याला," म्हणत त्याने दार ओढून घेतलं. आतून बापाचा आवाज आला, "जा गं घरी. पाय हाय अजून."

पुण्यात आधी घोडी तबेल्यात गेली. बाप दवाखान्यात पोचला दुसऱ्या दिवशी. पाय मांडीपासून कापला.

आता शेठ चारचौघांत सांगतो, "लई इमानी माणूस! पाय गेला, पण घोडी सोडून उतरायला तयार होईना." ही थाप बापाला बसल्या जागी ऐकावी लागते. ती थांबावी, एवढंच त्याला हवंय. मी बोलले तर लोक म्हणतात, पोरगीच ती, बापाच्या बाजूनेच बोलणार.

पण कर्जतकरांनो, कुंभिवलीकरांनो, घोडी बघायला तुम्ही त्या दारापाशी दाटीवाटीने उभे होतात. 'उतरवा मला' हे तुम्ही ऐकलंय. ऐकलं ते लिहा, खाली सही करा. कागद घेऊन मी दारात येईन. तेव्हा घरात नाही म्हणून सांगू नका.