वहिनीच्या हातचा मरुंदु

तुकोजीराव म्हणजे संशयाचं आगर. तंजावरच्या कालव्याच्या ऑफिसात जन्मभर कारकुनी केलेला हा सडाफटिंग माणूस दूधवाल्यालासुद्धा त्याच्याच कासंडीतलं दूध आधी प्यायला लावायचा. पण सगळ्यात जास्त संशय त्यांना एकीचाच होता: थोरल्या भावाची विधवा, नागलक्ष्मी वहिनी.

भाऊ चिदंबर याचे आधी पाय बधिर झाले. चप्पल वाटेत गळून पडायची आणि त्याला पत्ता नसायचा. मग अन्न पचेना, अंगावरचं मांस झडलं आणि चार वर्षांत माणूस गेला. गल्लीत कुजबुज सुरू झाली, बायकोनेच मरुंदु घातला म्हणून. मरुंदु म्हणजे नवऱ्याला मुठीत ठेवायला जेवणात कालवतात ती जडीबुटी. तुकोजीरावांनी ते लगेच खरं धरलं. पुढं नऊ वर्षं वहिनीच्या घरचं पाणी त्यांनी तोंडाला लावलं नाही.

शहाण्णव साली त्यांचीच चप्पल रस्त्यात राहिली. घरी येऊन बघतात तो तळवा डांबराने पोळलेला, आणि त्यांना काही जाणवलंच नव्हतं! ते हबकले. दर वर्षी वहिनी लोणचं पाठवायची, ते तुकोजीराव फेकून द्यायचे. यंदा मात्र तापात तोंडाला चव नव्हती म्हणून एक फोड चाखली होती. झालं, सापडला पुरावा! बरणी पिशवीत घालून त्यांनी थेट मद्रासची बस धरली.

"यात विष आहे का, तेवढं बघा."

डॉक्टर कृष्णस्वामींनी बरणी बाजूला सारली आणि घोट्याजवळच्या नसेचा तुकडा तपासायला घेतला. पुढच्या खेपेला ते म्हणाले, "विष तुमचं लिव्हरच करतंय. ते मण्यांच्या माळेसारखं एक प्रोटीन बनवतं, नीट घडी घालून रक्तात सोडतं. तुमच्या त्या प्रोटीनच्या माळेतला एक मणी जन्मापासून वेगळा आहे, म्हणून घडी विस्कटते. अशी विस्कटलेली प्रोटीनं एकावर एक चिकटून तंतू होतात आणि नसांत साठतात. दुसरा एखादा मणी बदलला असता तर तंतूंची ठेवण वेगळी झाली असती, कदाचित ते हृदयात साठले असते. हे पिढीजात, आईबापांकडून येतं. घरात आणखी कुणाला होतं?"

भावाला. आणि वडिलांनाही! त्यांचीसुद्धा चप्पल गळायची. तेव्हा लोकांनी आईला बोल लावला होता, आणि छोटा तुकोजी आईसाठी गल्लीभर भांडला होता. आजाराला औषध नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, पण तुकोजीरावांना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

परतल्यावर ते तसेच वहिनीच्या दारात गेले.

"वहिनी, थोडी कॉफी द्याल?"

ती आत जाऊन वाफाळता टंबलर घेऊन आली. अर्धी कॉफी तिने वाटीत ओतली, त्यांच्यासमोर उभ्या उभ्या पिऊन टाकली आणि वाटी उपडी करून दाखवली. मग टंबलर पुढे सरकवला.

"आता प्या, भावजी. म्यां पिऊन दाखवलें."