डिकीतले बोंबील

दमट हवा पडली की माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या डिकीला अजून बोंबलांचा वास येतो. त्या दिवशी आईची ओल्या बोंबलांची पाटी घेऊन दांडीहून बोईसरच्या बाजाराला गेले, तर डिकी उघडेचना. याआधीही ती दोनदा अशीच अडकली होती. गाडी तशीच शोरूमला नेली, तर तिथला साहेब तिसऱ्यांदा तेच म्हणाला, "सॉफ्टवेअर आहे मॅडम, अपडेट येईल, दोन दिवस थांबा." आईचा बाजार बुडाला. मी गाडी त्यांच्या काचेच्या दारासमोर भर उन्हात लावली आणि किल्ली घेऊन रिक्षाने घरी आले. दुपारी त्याचा फोन आला, "मॅडम, गिऱ्हाईक आत येत नाय, गाडी हलवा!" आईने फोन हिसकावला, "अपडेट येल, थांब जरा!" तासाभरात तो लॅपटॉप घेऊन किल्लीसाठी आमच्या दारात उभा होता. वास घालव, असं सगळे सांगतात. मी उलट त्या शोरूमसमोरून जाताना चारही काचा खाली करते.