रेश्माच्या नावावर माझा आवाज

"सर, आधी तुम्हीच वाचा."

तपासणीच्या मॅडमनी टॅब माझ्या तोंडासमोर धरला. तिसरीचा वर्ग. अठ्ठावीस पोरं. दारात मुख्याध्यापक. मी कंत्राटी मास्तर, लागून चार म्हैनं झालेलं. पडद्यावर सशाची गोष्ट. मोठ्यानं वाचायची, मशीन ऐकणार आणि वाचता येतंय का न्हाय ते सांगणार. मी वाचली, घरात बोलतो तशी.

ओळीमागनं ओळ लाल झाली. खाली आलं, 'प्रारंभिक स्तर'.

"अहो, तुम्हालाच पहिलीत बसवायला पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

मुख्याध्यापक हसले. मग पोरं हसली. मग मी हसलो. बारक्यापणापासनं माझं हेच. कुणी थोबाडीत दिली की मी देणाऱ्याचीच नक्कल करायची. मी मॅडमचा आवाज काढला, बारीक, नाकातला. तीच गोष्ट परत वाचली. सगळं हिरवं.

मॅडम हसायच्या थांबल्या. "येतंय की तुम्हाला. मग शुक्रवारपर्यंत वर्ग हिरवा करा."

कसा, ते त्या बोलल्या न्हाईत. पोरांच्या तपासणीत निम्मा वर्ग लाल आलता. त्यात रेश्मापण. गादीवाल्याची पोरगी. बापाच्या दुकानात रद्दीचे पेपर वाचत बसायची. वर्गात तिच्याइतकं कोण वाचत नव्हतं. वाचलेलं सगळं सांगायची, वर मलाच प्रश्न विचारायची. पण 'होता'ला 'व्हता' म्हणायची. मशीनला तेवढं पुरलं.

मुख्याध्यापकांनी टॅब आणि खिचडीच्या तांदळाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. मी पोत्यावर बसलो आणि एकेका लाल पोराच्या नावावर वाचत सुटलो. एक आवाज चिरका, एक घोगरा, एक दात पडलेल्या पोराचा. खोटं कशाला बोलू, मजा आली. स्वतःवरच खूश झालतो.

खिडकीच्या गजातनं रेश्मा बघत होती.

"सर, मला येतंय की वाचाय. माझं तुमी का वाचलासा?"

"गप बस. तुला पास केलंय."

ती गेली. मी पुढचं नाव काढलं.

पालकसभेला मॅडम स्पीकर घेऊन आल्या. प्रगती ऐकवायची म्हणून टॅबमधी साठलेल्या आवाजातलं पहिलंच नाव लावलं, रेश्मा. सतरंजीवर तिची आई बसलेली, मांडीला टेकून रेश्मा. स्पीकरमधनं एक गोड, शहरातली पोरगी सशाची गोष्ट वाचाय लागली.

आई ऐकत राहिली. मग उठली.

"ह्यो आवाज माझ्या पोरीचा न्हाय."

"कमाल आहे," मॅडम म्हणाल्या. "आईलाच मुलीचा आवाज ओळखू येत नाही."

सभा हसली. बाई तोंडाला पदर लावून खाली बसली. खरं बोलली, तरी हसं तिचंच झालं. रेश्मानं माझ्याकडं बघितलं. रडली न्हाय. नुसतं बघितलं.

या खेपेला मला हसाय आलं न्हाय.

"आवाज माझा हाय," मी म्हणालो. "सगळी लाल पोरं मीच वाचलीत. त्या बाई खरं बोलत्यात."

मुख्याध्यापकांनी मला खाली ओढलं. मी बसलो न्हाय. रेश्मापुढं पुस्तक धरलं. "वाच. तुझं तू वाच. सगळ्यास्नी ऐकू दे."

तिनं पान उघडलं. ओठ हलले. आवाज आला न्हाय.

अजून येत न्हाय. विचारलं तर वहीत लिहून दाखवती, एकपण चूक नसती. पण मोठ्यानं न्हाय. आणि मी एकटा चाललो असलो की माझ्या गळ्यातनं ती गोड पोरगी वाचाय लागती. मी थांबवतो. ती थांबत न्हाय. तिला मीच जन्माला घातलंय.

मुख्याध्यापक म्हणालेत, मार्चनंतर तुमचं काय खरं न्हाय. नसू दे. मार्चपर्यंत वर्ग माझा हाय. आता पोरं आपल्या तोंडानं वाचत्यात आणि मशीन लाल देतंय. देऊ दे. मी हजेरीच्या वहीत प्रत्येक नावापुढं लिहितो, 'वाचतंय. मी ऐकलंय.' खाली सही करतो. रेश्माच्या नावापुढं लिहिलंय, 'हिला वाचता येत होतं. हिचा आवाज आम्ही घालवला.' त्याच्याखालीपण माझीच सही हाय. ती ओळ ज्याला खोडायची असंल त्यानं माझ्यासमोर येऊन खोडावी.